पिवळ्या पट्टीच्या आत

३ मार्च, संध्याकाळ

हिचा हात मोडला. उजवा, मनगटापाशी. सकाळी बाथरूमच्या दारात पाय घसरून पडली. फरशी ओली आहे हे तिला कळायला हवं होतं, कारण तिथे मी स्वतः 'सावधान! फरशी ओली आहे' ही पिवळी पाटी उभी केली होती. कारखान्यातून खास आणलेली. ही पडली तेव्हा पाटी तिच्या पायांतच सापडली. म्हणजे पाटी योग्य जागी होती.

हाडांच्या डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. सहा आठवडे. म्हणाले, या हाताने काडीसुद्धा उचलायची नाही. ताण पडला तर हाड वाकडं जुळेल, मूठ मिटणार नाही, आणि मग बाई, तुमची कात्री विसरा. त्यावर ही गप्प झाली. पडल्यापासून पहिल्यांदाच. हिचं शिवणकाम आहे. अर्ध्या गल्लीच्या अंगावर हिच्या हातचे कपडे आहेत. ती मोठी कात्री ती कुणाला हात लावू देत नाही. मला तर मुळीच नाही.

मी डॉक्टरांना शब्द दिला. हिचा हात कशाला लागणार नाही, स्वयंपाकघर आजपासून माझ्याकडे. कारखान्यात शेकडो माणसांचे हात शाबूत ठेवणारा सेफ्टी ऑफिसर आहे मी. एक ओटा, दोन शेगड्या, एक कुकर. हा तर माझ्या डाव्या हातचा मळ.

मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, मी रजा टाकून येते. तिला सांगितलं, काही गरज नाही. ती म्हणाली, आईला द्या फोन.

४ मार्च

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पिवळी पट्टी चिकटवली. पट्टीच्या आत हिला प्रवेश बंद. पट्टीच्या बाहेर तिच्यासाठी खुर्ची. तिने विचारलं, आणि भांडी कुठली कुठे आहेत ते कोण सांगणार? म्हटलं, बाहेरून सांगायला हरकत नाही, तोंडाला प्लास्टर नाही.

चहा केला. दूध उतू जाताना दिसलं म्हणून पातेलं फडक्याने उचललं. फडकं ओलं होतं. ओल्या फडक्यातून उष्णता झटकन हाताला लागते, हे मी दर महिन्याला कामगारांना सांगतो. म्हणजे माहिती होती. फडक्याला नव्हती.

दोन बोटं लाल. याला भाजणं म्हणत नाहीत. इजा होता होता टळली की आम्ही त्याला निअर-मिस म्हणतो. आजचा प्रसंग: निअर-मिस.

६ मार्च

गाजर किसलं. शेवटचा तुकडा छोटा असतो, आणि किसणीला गाजर आणि बोटाचं पेर यांतला फरक कळत नाही. सदोष उपकरण. कोशिंबीर थोडी जास्त लाल झाली. हिने खाल्ली नाही. म्हणाली, मी शाकाहारी आहे.

निअर-मिस.

८ मार्च, रविवार

कुकर. शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, झाकण काढायला गेलो. खुर्चीतून ही ओरडली, अहो, वाफ जाऊ द्या आधी! मी शांतपणे सांगितलं की स्वयंपाकघरात एका वेळी एकच माणूस आदेश देतो. तेवढ्यात झाकण निघालं.

मनगटावर वाफ. ही खुर्चीतूनच म्हणू लागली, नळाखाली धरा, गार पाणी, वीस मिनिटं, बर्फ नको, लोणी नको, टूथपेस्ट तर अजिबात नको. तो माझा कारखान्यातला प्रथमोपचाराचा तक्ता आहे, शब्दन् शब्द. तीस वर्षं झोपेत बडबडतो, असं तिचं म्हणणं.

पाच मिनिटं धरलं. मग उभं राहून पाय दुखले. बाथरूममध्ये जाऊन थोडी टूथपेस्ट लावली. गार वाटतं, हे मान्य करावं लागेल.

दुपारी मुलीचा व्हिडिओ कॉल. बाबा, हाताला पांढरं काय? म्हटलं, दात घासत होतो. मनगटाने? म्हणाली. नेटवर्क खराब होतं. मी बंद केलं.

९ मार्च

संकल्प: यापुढे प्रत्येक काम ठरलेल्या पद्धतीने. आधी साहित्य, मग साधन, मग कृती. घाई नाही.

भात लागला. कारण पद्धत नीट पाळली, त्यात वेळ गेला.

१२ मार्च

सकाळी मिरच्या चिरल्या. कारखान्यातले चामड्याचे हातमोजे घालून सुरुवात केली, पण मोज्यात मिरची सापडेना. मोजे काढले. चिरून झाल्यावर हात धुतले, अगदी नीट. बस येईपर्यंत बोटं पेटली. कुठे जखम नाही, लाली नाही, नुसती आग. मीटिंगमध्ये दोन्ही हातांत गार पाण्याच्या बाटल्या धरून बसलो. साहेब म्हणाले, खूप तहान लागलीय वाटतं.

नंतर नव्या कामगारांपुढे व्याख्यान. विषय: आपले हात, आपलं भांडवल. मध्येच डोळ्याला खाज आली, आणि मी डोळा चोळला.

उरलेलं व्याख्यान रडतच दिलं. थांबवता येईना. 'या दहा बोटांवर तुमचं घर उभं आहे' इथे तर हुंदकाच आला. वर्कशॉपचे मिस्त्री, जे माझ्या व्याख्यानात नेहमी पेंगतात, उठून पुढे आले आणि मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. इतकं परिणामकारक मी आजवर कधीच बोललो नव्हतो.

१३ मार्च

हिला व्याख्यानाचं सांगितलं. ती हसता हसता खुर्चीतून पडता पडता राहिली. मी बजावलं, सांभाळ, प्लास्टर आहे. ती म्हणाली, अहो, मग हसवू नका.

तिची बोटं प्लास्टरच्या टोकातून बाहेर येतात. थोडी सुजलेली दिसतात. रोज रात्री ती शिवणयंत्राजवळ बसते आणि ती बोटं एकेक करून हलवते. डॉक्टरांनी सांगितलंय. मी पेपर वाचत असतो, पण दिसतं.

१७ मार्च

कारखान्याच्या भट्टीवर वापरतात ते लांब हातमोजे आणले. कोपरापर्यंत. उष्णतारोधक, वॉटरप्रूफ. यांच्यात कशालाच वाव नाही.

उकडलेल्या बटाट्यांचं पाणी ओतताना थोडं उकळतं पाणी मोज्याच्या वरच्या तोंडातून आत गेलं. मोजा वॉटरप्रूफ असल्यामुळे ते बाहेर आलं नाही.

मी ओरडलो नाही. हिचं म्हणणं, वरच्या मजल्यावरून काकू धावत आल्या त्या उगाच नाही. काकूंनी मोजा ओढून काढला. डावा हात उकडलेल्या बटाट्यासारखाच झाला होता. काकू म्हणाल्या, भावजी, तुम्ही बसा बरं. हिला म्हणाल्या, आणि तू या माणसाला आत एकटं सोडतेस?

निअर-मिस म्हणता येईल का? विचार करतो.

१८ मार्च

हाताची सूज वाढली. अंगठी बोटात रुतली. साबण, तेल, दोरा, सगळं करून पाहिलं. बोट जांभळं.

शेवटी वर्कशॉपमध्ये मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, साहेब, कामावर अंगठी घालायची नाही असा नियम तुम्हीच केला ना? सगळ्यांच्या अंगठ्या तुम्हीच उतरवल्यात. म्हटलं, नियम यंत्राजवळच्यांसाठी आहे, मी टेबलाजवळचा. त्यांनी बारीक कटर घेतला. आजूबाजूला गर्दी. मी डोळे मिटून घेतले. तेव्हा कुणीतरी हळूच म्हणालं, मागच्या वेळसारखं व्याख्यान देऊ नका साहेब, आम्हाला रडू येतं.

अंगठीचे दोन तुकडे झाले. लग्नातली. घरी लपवायचं ठरवलं, पण हिने दारातच बोटाकडे पाहिलं. म्हटलं, सैल झाली होती, पडली असेल. तिने डावा हात पुढे केला. मी तुकडे तळहातावर ठेवले. तिने ते बटणांच्या डब्यात टाकले आणि म्हणाली, शिवता येतं का बघते.

२३ मार्च

डाव्या हाताला बँडेज. उजव्याची दोन बोटं, एक पेर आणि मनगट आधीच गेलेलं. शर्टाची बटणं हिने लावली, एका हाताने, डाव्या. मी उभा. तिने वरचं बटण लावताना नाकाला चिमटा काढला. म्हणाली, चुकून.

नवी व्यवस्था: सकाळी निघताना मी सगळं साहित्य काढून ओट्यावर मांडून ठेवायचं. संध्याकाळी येऊन फक्त अंतिम कृती. निम्मं यश मांडणीतच असतं.

२६ मार्च

व्यवस्था कमालीची यशस्वी. संध्याकाळी आलो तर बटाटे उकडून तयार. सकाळी मीच लावले असणार. घाईत लक्षात राहिलं नाही, पण सवय अंगात मुरली की असंच होतं. भातही. मीठ बरोबर.

सुरी मात्र ओट्याच्या डाव्या बाजूला सापडली. मी उजवीकडे ठेवतो. थोडी शिस्त अजून हवी.

३० मार्च

आज वांगी. आलो तेव्हा चिरलेली होती. जाड, वेडीवाकडी, पण चिरलेली. माझंच काम, ओळखीची ढब आहे.

हिच्या डाव्या कोपराला पीठ लागलं होतं. विचारलं. म्हणाली, काकूंकडे गेले होते. काकू पीठ कशाला उडवतात कोण जाणे.

भाज्या चिरायची फळी खालच्या कप्प्यात ठेवा, असं हिने सुचवलं. वरच्या कप्प्यापर्यंत आपला हात पोहोचत नाही म्हणे. म्हटलं, तुला कशाला पोहोचायचंय? म्हणाली, नाही, तुमच्यासाठीच म्हणते. काळजी घेते हो माझी.

२ एप्रिल

सलग आठवडाभर एकही प्रसंग नाही. मुलीला फोनवर सांगितलं, आता मी 'सुरक्षित स्वयंपाक' अशी एक पुस्तिका लिहिणार आहे, कारखान्यातर्फे वाटता येईल. ती म्हणाली, छान बाबा. मग विचारलं, आई कुठेय? आई बाथरूममध्ये होती. मग मुलगी म्हणाली, बाबा, फोनमध्ये कुकरची शिट्टी ऐकू येतेय. म्हटलं, शेजाऱ्यांची.

पुस्तिकेचं पहिलं वाक्य: 'स्वयंपाकघरात घाई आणि अहंकार, दोन्ही बाहेर ठेवून यावे.' याहून चांगलं सुचत नाही. इथेच थांबलो.

५ एप्रिल

आज निवांत. एक छोटी गोष्ट, दगडी मगाचा कान तुटला होता. झटपट चिकटवणाऱ्या गमने जोडला. मगाचा कान आता मजबूत. माझी उजवी तर्जनी आणि अंगठाही. कोमट पाण्यात तासभर हात घालून बसलो. ही समोर बसली, तिचा एक हात प्लास्टरमध्ये, माझा एक बँडेजमध्ये, एक पाण्यात. ती म्हणाली, आपल्या दोघांत मिळून आत्ता एकच हात आहे. मी म्हटलं, दीड.

पाटी कुठे आहे? बाथरूमजवळ दिसत नाही. चोरी असावी.

१० एप्रिल

भाजलं. दोन्ही. नंतर लिहितो.

१२ एप्रिल

बँडेजमधून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बाहेर आहेत. त्यांत पेन्सिल धरली आहे. अक्षर माझं नाही.

परवा कारखान्याची वीज गेली, म्हणून दुपारीच घरी सोडलं. दार उघडून आत आलो. ही पिवळ्या पट्टीच्या आत. डाव्या हातात सुरी. ओट्यावर बटाटा. आणि तो बटाटा हलू नये म्हणून वरून दाबलेला, प्लास्टरच्या हाताने. पेपरवेटसारखा.

ती इतक्या सरावाने चिरत होती की सुरी पाहून कळलं, हे आज पहिल्यांदा नाही.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. डॉक्टर, कात्री, मूठ, शब्द दिलाय, असं काहीतरी. ती दचकली, सुरी खाली पडली. म्हणाली, अहो, ओरडू नका, कढईतलं बघा आधी. शेगडीवरच्या कढईत कांदा करपत होता. मी म्हटलं, तू बाजूला हो, मी करतो. आणि कढई उचलली. दोन्ही कानांनी. दोन्ही हातांनी. फडकं न घेता.

ती माझ्या अगदी जवळ उभी होती, प्लास्टर धरून. हातातून सोडली असती तर तेल तिच्यावर. म्हणून सोडली नाही. ओट्यावर ठेवली. मग सोडली. बँडेज डाव्या हाताला होतं तेही करपलं.

तिने नळ सोडला. मला मागून धरून नळापाशी उभं केलं. वीस मिनिटं. तिने मोजली. मध्ये मी विचारलं, टूथपेस्ट? तिने नळ आणखी मोठा केला.

नोंद: अनधिकृत प्रवेशामुळे घडलेला प्रसंग. जबाबदारी ठरवायची आहे.

प्लास्टरच्या खालच्या बाजूला एक भेग दिसतेय. बटाट्याएवढी लांब. हिने बाही ओढून झाकली. आम्ही दोघंही भेगेबद्दल बोलत नाही.

१३ एप्रिल

दात घासता येत नाहीत. दाराची कडी उघडता येत नाही. चष्मा लावता येत नाही. नाकाला खाज आली तर भिंत. फोन वाजला, नाकाने उचलला. मुलगी होती. म्हणाली, बाबा, स्क्रीनवर फक्त नाक दिसतंय. म्हटलं, सगळं ठीक आहे. ती येतेय, परवा. मी नको म्हटलं नाही.

उद्या हिचं प्लास्टर निघणार. काल रात्रभर ती भेगच डोक्यात.

१७ एप्रिल

हे सांगतायत, मी लिहितेय. यांना पेन्सिलही धरता येत नाही आता, सूज आली. आणि मला डॉक्टरांनी रोज एक पान लिहायला सांगितलंय, बोटं मोकळी व्हायला. म्हणून ही वही. मागची पानं वाचू नकोस, म्हणाले. म्हटलं, वाचायची गरज नाही, मी तिथेच होते.

अक्षर वाकडं येतंय. मूठ अजून पूर्ण मिटत नाही. डॉक्टर म्हणाले, हाड मात्र सरळ जुळलंय, मूठ मिटेल, घाई करू नका. काल कात्री उचलून पाहिली. जड वाटली. पण उचलली. हे दारात उभे होते, पाहत नसल्यासारखे.

प्लास्टर काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला दोघांना समोर बसवून विचारलं, पेशंट कोण? मग प्लास्टरच्या भेगेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, बटाटा. त्यांनी यांच्या हातांकडे पाहिलं. पुढे काही विचारलं नाही. शहाणे आहेत.

आता यांचं सुरू झालंय. लिही: 'सारांश. ३ मार्च रोजी पत्नी पाय घसरून पडली.'

लिहिलं: ३ मार्च रोजी मी यांच्या पाटीला अडकून पडले.

'लिहिलंस?' म्हणतायत. लिहिलं म्हटलं. चष्मा फ्रिजवर आहे. यांना घेता येत नाही.

'त्यानंतर स्वयंपाकघराची व्यवस्था मी यशस्वीरीत्या सांभाळली.'

लिहिलं: पहिले तीन आठवडे यांनी सांभाळली. नंतर डाव्या हाताने मी. दोघांचा स्वयंपाक सारखाच झाला, जाड आणि वेडावाकडा.

'पाटी चोरीला गेली.' नाही गेली. कचऱ्याच्या गाडीत मीच टाकली, तीही डाव्या हाताने.

'अनधिकृत प्रवेश' वगैरे पण सांगतायत. ते लिहीत नाही, माझा हात दुखतोय. मात्र यांनी न सांगितलेलं एक लिहिते. गरम कढई यांनी सोडली नाही. मी शेजारी होते म्हणून. ओट्यावर नीट ठेवली आणि मग ओरडले. एवढं मी पाहिलंय.

अंगठीचे तुकडे बटणांच्या डब्यातच आहेत. सोनाराकडे जाईन, दोघांचे हात बरे झाले की.

मुलगी वाफाळतं सूप करून ठेवून बाजारात गेलीय. यांना मी भरवतेय. चमचा नीट धरता येत नाही, निम्मं शर्टावर. पण धरला. हे म्हणाले, शेवटी एक वाक्य लिही, ठळक अक्षरात: 'आज घरात कुणालाही कसलीही इजा झाली नाही.'

लिहिलं. आणि लिहून होताच चमचा पुढे केला.

फुंकर घालायची राहिली.